विहिरीला भिणारे साहेब

मला भ्यायला आमच्या साहेबांनी शिकवलं, आणि तेही सरकारी खर्चानं. त्याआधी मी फार शूर होते अशातला भाग नाही. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली पोरगी मी, पालीला भ्यायचे, गणिताच्या मास्तरांना भ्यायचे, आईच्या लाटण्याला तर भ्यायचेच. पण विहिरीला भ्यावं हे काही कधी डोक्यात आलं नव्हतं, कारण आमच्याकडे नळ होता. भूशास्त्रात एमएस्सी झाले, परीक्षा दिली आणि जमिनीखालच्या पाण्याचं सर्वेक्षण करणाऱ्या एका सरकारी कार्यालयात अमरावतीला लागले. पहिल्या दिवशी कोणाच्या हाताखाली काम आहे ते सांगितल्यावर अख्खा हॉल हसला. एक कारकून म्हणाला, "मॅडम, आधी एखादा ताईत बांधून घ्या."

काम म्हणाल तर अगदी शाळकरी. ठरलेल्या गावांतल्या ठरलेल्या विहिरी. वर्षातून चार वेळा जायचं आणि पाणी किती खोल गेलंय ते मोजायचं. पोलादी टेपच्या टोकाकडच्या हातभर भागाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढायची, खडू कुठवर भिजला ते बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा. पाच मिनिटांचं काम. साहेबांना त्याला पाऊण तास लागायचा.

उंच, वाळका माणूस. मे महिन्याच्या उन्हातही मनगटापर्यंत बाह्या, गळ्यात दुपट्टा, आणि आवाज असा की बाजूच्या शेतातला बैल मान वर करायचा. गाडी विहिरीपासून लांब थांबवायला लावायचे. दहा पावलं आधी चपला काढायचे. पहिल्यांदा मला वाटलं, देव मानतात की काय विहिरीला! तर म्हणाले, "कायचा देव? चप्पल घसरते." मग तिथूनच ओरडायचे, "हाय का कोणी अंदर?" रिकाम्या विहिरीला विचारायचे हे. आतून त्यांचाच आवाज घुमून यायचा, तो ओसरेपर्यंत थांबायचे. मग पारवे. आमच्याकडच्या जुन्या विहिरींत दगडांच्या सांदीत पारवे राहतात, माणसाच्या आवाजानं फडफडत वर येतात. ते साहेब मोजायचे. पारवे निघाले की चेहरा जरा सैल व्हायचा. नाही निघाले की एकदम गप्प. "ज्याले पंख हाय थो अथी राह्यत नाही, अन् आपण वाकून पाहून राहिलो," असं पुटपुटायचे.

त्यानंतर दोर. कमरेला दोर बांधायचे आणि त्याचं दुसरं टोक जीपच्या पुढच्या लोखंडाला. गाडी चुकून सुरू होऊ नये म्हणून चावी ड्रायव्हरकडून काढून स्वतःच्या खिशात. आमचे ड्रायव्हर अन्वरभाई. ते म्हणायचे, "मॅडम, साब का दोर गाडी को नहीं, मेरे नसीब को बंधा है." ऑफिसात साहेबांना मागून 'दावणीचा बैल' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले, "हाव, हाय मी बैल. विहिरीत पडलेला बैल पाह्यला का कोणी? विहिरीवर लाकडाचा घोडा उभारून, दोर बांधून, पंचवीस माणसं लावून काढा लागते. मी पडलो तं तुमी पाच जण बी येणार नाही." कोणी हसलं नाही, कारण खरंच होतं ते.

या भीतीमागे काहीतरी मोठी कहाणी असणार म्हणून मी खूप उकरून पाहिलं. कोणी भाऊ बुडाला असेल, स्वतः पडले असतील लहानपणी. काही नाही हो! तळेगावाकडच्या शेतकरी घरातला माणूस, विहिरीत पोहायला शिकलेला. शेवटी सरळ विचारलं, तर म्हणाले, "विहिरीले भ्याले कारण लागत नाही माय, न भ्याले लागते."

आणि ही भीती लागट होती. सहा महिन्यांत मला ती लागली. गावात कुठं उघडी टाकी दिसली की मी झाकण शोधायला लागायचे. घरी आई पिंपातून पाणी काढायला वाकली तरी मी ओरडायचे. आई म्हणाली, "नोकरी करतेस का बाधा झाली आहे तुला?" संक्रांतीला साहेबांच्या घरी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा काकूंनी सांगितलं, झोपायच्या आधी गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण तीनदा बघून येतात. सोसायटीच्या टाकीचं. शेजारपाजारच्यांना वाटायचं, पाणी चोरतो हा माणूस.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझी फजिती झाली, तीही सांगून टाकते. पारा सेहेचाळीसच्या वर, यादीतली शेवटची विहीर राहिलेली, आणि साहेब दुसऱ्या गावी. मी गेल्या वर्षीचा आकडा बघितला, थोडा वाढवला आणि गाडीत बसल्या बसल्या लिहून टाकला, अकरा मीटर वीस. संध्याकाळी साहेबांनी वही पाहिली. "पाणी कसं होतं?" म्हटलं, "निवळ होतं सर." "पारवे?" "होते सर. दोन." दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिथं घेऊन गेले. रस्ता रुंद करताना ती विहीर बुजवलेली, आणि वर पंक्चरवाल्याचं दुकान! साहेबांनी टेप माझ्या हातात दिली. "टाक." पंक्चरवाला बघतोय, गिऱ्हाईक बघतंय, आणि मी सपाट मुरुमावर टेप धरून उभी. "किती आलं?" "शून्य, सर." "लिही." मी लिहिलं. मला वाटलं, गेली नोकरी. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तुले काढत नाही मी. तुह्या जागी कोण येईन त्याचं भेव वाटते मले." अन्वरभाई हसता हसता स्टिअरिंगवर डोकं आपटत होते.

साहेबांचा एक कंदील होता, जुना, काचेला तडा गेलेला. तो कायम जीपमध्ये, लांब सुतळीसकट. कोणी विहिरीत उतरणार असेल, गाळ काढायला, मोटर बघायला, तर आधी पेटता कंदील खाली सोडायचा. बंद पडलेल्या विहिरीत घाण हवा साचते. त्या हवेत ज्योत विझते, आणि ज्योत विझते तिथं माणूसही मरतो. आमच्या कामात हे कुठंच बसत नव्हतं. आमचं काम वरून मोजायचं. पण साहेब गावोगाव लोकांना गोळा करून शिकवायचे. "ज्योत जळली तं उतरा. विझली तं पाय मांगं घ्या." पोरासोरांकडून म्हणवून घ्यायचे. त्यांना लोक कंदीलवाले साहेब म्हणायला लागले होते.

आता ती गोष्ट.

सहा वर्षं झाली. मे महिना होता. अकोल्याकडचा माणूस रजेवर, म्हणून अकोटच्या बाजूच्या काही विहिरी आमच्या गळ्यात पडल्या. तो भाग खारपाणपट्ट्याच्या काठचा, जमिनीखालचं पाणी मिठासारखं खारट. त्यातल्या एका गावात साहेबांनी पूर्वी अकोल्याला नोकरीला असताना कंदील शिकवला होता. तिथं सगळ्या विहिरी खाऱ्या आणि एकच गोडी, गजाननभाऊंच्या शेतातली. अख्खं गाव तिचं पाणी प्यायचं. आम्ही पोचलो तेव्हा विहिरीवर ही गर्दी. गजाननभाऊंच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी लग्न, हळदीचा स्वयंपाक अडलेला, ड्रम रिकामे. गावची डीपी जळून आठ दिवस झाले होते, वीज नाही, म्हणून मोटर बंद. त्यांनी भाड्यानं रॉकेलचं इंजन आणलं होतं. पाणी इतकं खाली गेलेलं की वरून इंजनाला ओढवेना, म्हणून दोरांनी इंजनच विहिरीत उतरवून मधल्या टप्प्यावर ठेवलेलं. पहाटेपासून ते आत धडधडत होतं.

साहेबांनी नेहमीचं सगळं केलं. चपला, हाक, पारवे. पारवे निघाले नाहीत. "इंजनाच्या आवाजानं गेले असतीन जी," गजाननभाऊ म्हणाले. हसरा, ठेंगणा माणूस, कपाळावर हळद लागलेली. मोजायचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं. मी कमरेला दोर बांधून काठावरून वाकले. पहिला आकडा नीट येईना, खडू पुसला गेला, म्हणून दुसऱ्यांदा टेप सोडली, मग तिसऱ्यांदा. तेवढ्यात माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. डोळ्यांपुढं पांढरं झालं. उठले तर पाय माझे नव्हतेच.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "डोकं दुखते का तुहं?"

"नाही सर. ऊन आहे."

मी गाडीमागे गेले आणि ओकले. चूळ भरली, ओढणीनं तोंड पुसलं आणि परत येऊन उभी राहिले. फील्डवरच्या बाईनं आजारी पडायचं नसतं. एकदा कोणी म्हटलं ना, मॅडमला ऊन सहन होत नाही, की संपलं, जन्मभर टपाल सांभाळत बसा. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण आमच्या सगळ्याजणींना माहीत होतं.

तेवढ्यात इंजनानं पाणी ओढायचं सोडलं. पाइपातून नुसतीच हवा यायला लागली. खाली पाइपाच्या तोंडाशी गाळ बसला असणार. कोणीतरी आत उतरायचं आणि तो काढायचा, दहा मिनिटांचं काम. वरूनच दोरी ओढून इंजन बंद केलं, आणि गजाननभाऊ सदरा काढून कमरेला दोर बांधायला लागले.

"कोणी उतरू नका," साहेब म्हणाले.

"हाव जी, मालूम हाय आमाले," गजाननभाऊ हसले. "तुमीच तं शिकवलं. आणा थो कंदील." आणि अन्वरभाईंकडून कंदील घेऊन, पेटवून, सुतळीनं खाली सोडला. सगळे वाकून बघायला लागले. ज्योत जळत होती. छान, सरळ जळत होती, पार इंजनाच्या खालपर्यंत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा म्हणाला, "ज्योत जळली तं उतरा! सायबाचाच कायदा हाय."

"थो कायदा घाण हवेचा. हा इंजनाचा धूर हाय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "ह्या धुरात ज्योत विझत नाही. माणूस विझते. मी तुमाले अर्धंच शिकवलं, बाप्पा. आज उतरू नका. दोन-चार घंटे जाऊ द्या, वारा येऊ द्या, लिंबाची डगाली हलवा आतमंदी."

"दोन-चार घंटे? पाव्हणे येऊन बसले घरी!"

"टँकर बोलवा."

"साहेब, लगन माह्या पोरीचं हाय का तुमच्या?"

आता आवाज चढायला लागले. साहेब मोजायला आलेत तर मोजावं आणि जावं. साहेबाला काय, महिन्याचा पगार येतो. एका पोरानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. मी साहेबांकडे बघत होते. त्यांचे हात लटपटत होते, खरंच लटपटत होते, आणि कोणालाही दिसावं इतके. गजाननभाऊंनी दोराचं एक टोक कमरेला बांधलं होतं, दुसरं टोक झाडाला बांधायला एक जण निघाला. आणि साहेबांनी काय केलं! पुढं झाले, गजाननभाऊंच्या कमरेची गाठ ओढून सोडली, अख्खा दोर गोळा केला आणि दिला विहिरीत फेकून. मग वळले, आमचा जीपचा दोर सोडला आणि तोही फेकला.

मग लोक त्यांच्या अंगावर गेले. शर्ट फाटला, चष्मा पडला, गालावर कोणाचा तरी हात बसला. अन्वरभाईंनी आणि मी ओढून त्यांना गाडीत घातलं. गावातल्या एका पुढाऱ्यानं आमच्यासमोरच वर फोन लावला, सरकारी माणसानं लग्नघरात धिंगाणा घातला म्हणून. कंदील तिथंच राहिला.

परतीच्या वाटेवर दर्यापूर आलं. मग साहेब म्हणाले, "मी वाचलं हाय हे, माय. पाह्यलं नाही कधी." थोड्या वेळानं पुन्हा, "तुले काही झालं नाही ना?"

"नाही सर," मी म्हणाले. माझं डोकं अजून ठणकत होतं.

चौकशी लागली. वरून एक अधिकारी आले. मला बोलावलं. ज्योत विझली होती का? नाही सर. धूर दिसत होता का? वरून नाही. विहिरीजवळ असताना कोणाला काही त्रास जाणवला का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं, स्वच्छ अक्षरात, खाली सही. माझा परिवीक्षेचा काळ संपायला दोन महिने होते. पुढाऱ्याचा फोन कोणाकोणाला गेला होता ते अख्ख्या ऑफिसला माहीत होतं. मी भ्याले. इतकी कारणं कशाला सांगतेय, मी भ्याले, एवढंच. साहेबांना ताकीद मिळाली आणि त्यांचं फील्ड काढून घेतलं. खिडकीजवळ टेबल दिलं.

मला वाटलं होतं, ते चिडतील, भांडतील, माझ्याशी बोलणं टाकतील. तसं काही झालं नाही. झालं ते फार वाईट होतं. त्यांची भीती गेली. निवृत्तीच्या थोडं आधी माणसं कमी पडली म्हणून एकदा त्यांना माझ्याबरोबर चांदूर बाजारकडे पाठवलं. गाडी थांबली तसे चपला घालूनच विहिरीकडे निघाले. हाक नाही, पारवे नाहीत, दोर तर नाहीच. कठड्यावर चढून बसले, दोन्ही पाय आत सोडून, आणि खिशातले शेंगदाणे खायला लागले. साठ फूट खाली काळं पाणी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. "सर, उतरा ना," मी म्हटलं. हात धरायला जवळ जायचीही हिंमत होईना, दचकले तर! ते पाय हलवत म्हणाले, "काही होत नाही माय. काहीच होत नाही. मी लोकाईले उगाच भेववत होतो इतले वर्ष." मी त्या दिवशी जेवढी भ्याले तेवढी कधीच भ्याले नव्हते. अन्वरभाईंनी मागून येऊन त्यांना कवेत उचललं आणि खाली ठेवलं, लेकराला ठेवावं तसं.

मग ते निवृत्त झाले. मी भेटायला गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. कार्यालयातल्या त्यांच्या टेबलावर आता विहिरीतल्या यंत्रांचे आकडे आपोआप येतात त्याचा कॉम्प्युटर आहे.

यंदाच्या मे महिन्यात अकोटकडच्या विहिरी पुन्हा माझ्या वाट्याला आल्या आणि मी त्या गावी गेले. गजाननभाऊ मला बघून धावत आले, आणि पहिलं वाक्य काय, तर "मॅडम, कंदीलवाले साहेब कोठी राह्यते? त्याईले आवरा." आदल्या आठवड्यात त्यांनी साहेबांना शेजारच्या गावात पाहिलं होतं. विहिरीचं पाणी का आटलं ते बघायला लोक बोलावतात म्हणून साहेब आता खेड्यापाड्यांत हिंडतात. इंजन नुकतंच बंद केलेल्या विहिरीत ते दोर धरून उतरत होते. त्या वयात, हसत हसत. गजाननभाऊंनी आरडाओरडा केला तर खालून म्हणाले, काही होत नाही. त्या दिवशी काही झालं नाही, हे देवाचं देणं.

"मी चार दिवस झोपलो नाही," गजाननभाऊ म्हणाले. मग मला बाजूला, लिंबाखाली घेऊन गेले. तुम्ही लोक गेल्यावर काय झालं माहीत आहे का, म्हणाले. पोट्ट्यांना साहेबांची जिरवायची होती. व्हिडिओ करून सगळीकडे पाठवू म्हणाले. नवा दोर येईपर्यंत त्यांनी कंदिलाच्या सुतळीला टोपली बांधली, टोपलीत एक कोंबडी ठेवली आणि खाली सोडली. कंदीलही टोपलीतच, जळता. वर काढली तर कंदील जळत होता आणि कोंबडी मेलेली होती.

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही कोणाला? भाऊ, त्या माणसाची चौकशी झाली!"

"लगनघर होतं ना बाई. उद्याच्याले पोरगी सासरी जाणार, अन् आज विहिरीवर मरण झालं म्हणू? पाव्हण्याईनं तोंडात पाणी घेतलं नसतं. गावाची एकच गोडी विहीर. पोट्ट्यानं व्हिडिओ तथीच डिलीट केला. मंग आज सांगू, उद्या सांगू... पुढाऱ्याचा फोन बी जाऊन चुकला होता." त्यांनी खाली बघितलं, मग एकदम वर. "पण तुमी काहून नाही सांगतलं, मॅडम? गाडीमांगं तुमी ओकून राहिल्या होत्या. माह्या बायकोनं पाह्यलं."

त्याच दुपारी आम्ही दोघं अमरावतीला निघालो. वाटेत मी साहेबांना तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा बंद. गजाननभाऊ पुढच्या सीटला धरून बसले होते. "उतरले असतीन का जी कोठी?" दर दहा मिनिटांनी तेच. माझ्याही डोळ्यांपुढं दुसरं काही नव्हतं. जिना आम्ही धावतच चढलो. काकूंनी दार उघडलं आणि आतून तो आवाज आला, "कोण हाय?" मी तिथंच चौकटीला टेकले.

गजाननभाऊंनी सगळं सांगितलं, हात जोडून, खाली जमिनीवर बसून. साहेबांनी त्यांना खुर्चीवर बस म्हटलं नाही. मध्येच विचारलं, "किती फुटावर?" "तीसेक फूट असन जी." "किती वेळ?" "विडी संपेपर्यंत." "इंजन बंद होऊन किती झालं होतं?" "अर्धा घंटाही नसन." साहेबांनी मान हलवली. टेबलावरची वही ओढली आणि तिन्ही आकडे लिहून काढले. पेन ठेवून दिलं.

"म्हणजे मी उगाच भ्यालो नव्हतो," ते म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. गजाननभाऊ रडायलाच लागले. "आजपासून उतरू नका साहेब, पाया पडतो." साहेब म्हणाले, "नाही उतरत. बाप्पा, मी कितीक विहिरीत उतरलो रे ह्या दोन वर्षांत! कितीक!" आणि त्यांचे हात लटपटायला लागले, त्या दिवशी विहिरीवर लटपटत होते तसेच. मला ते बघून इतकं बरं वाटलं की माझंच मला विचित्र वाटलं.

आता माझी पाळी होती. मी उभीच होते. म्हटलं, "सर, त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. मी ओकले होते. ऊन नव्हतं ते."

"मालूम हाय मले. मी पाह्यलं होतं."

"मग तुम्ही चौकशीत का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, नुसतं आश्चर्य होतं, मला हे विचारावं लागतंय याचं.

"तू लिहून देल्लं होतं ना, काही त्रास झाला नाही म्हणून," ते म्हणाले. "मी वाचलं थे. मले वाटलं, हिचं अंग, हिलेच ठाऊक. म्हणजे उनच असन. म्हणजे मीच चुकलो."